नोंद कोण लिहिणार?

‘ठाणे अंमलदार हजर’ : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त महिला पोलीस निरीक्षकांची उत्तरं

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच जागेभोवती फिरतात. ठाण्यात एखाद्यावर हात उगारला जातो तेव्हा शेजारी उभा असलेला पोलीस काय करतो? त्यातली काही निवडली आहेत. नावं आणि ठाणी काढून टाकली आहेत. ज्यांनी मोबाइल नंबर देऊन ‘रात्री दहानंतर फोन करा’ असं लिहिलंय त्यांच्यासाठी: नोकरीत असताना पुरेशा रात्री जागले, आता साडेनऊला झोपते. पत्रच पाठवा.

प्रश्न : मॅडम, जय हिंद. मी पुणे शहरात पोलीस अंमलदार आहे. नाइटला ठाणे अंमलदारांच्या (ठाण्याची डायरी सांभाळणाऱ्या ड्यूटीवरच्या पोलिसाच्या) मदतीला होतो. तपास पथकाने मोबाइल चोरीच्या संशयावरून एका पोराला आणलं आणि मागच्या खोलीत पट्ट्याने मारलं. मी दारात उभा होतो. पहाटे पोराला उलट्या सुरू झाल्या म्हणून ससून हॉस्पिटलला नेलं. सकाळी मला सांगण्यात आलं की डायरीला टाक, पळून जाताना जिन्यावरून पडला. माझं लॉगिन चालत नाही असं सांगून मी टाळलं, मग दुसऱ्याने नोंद टाकली. पोरगा वाचला, घरी गेला. सगळे म्हणतात विषय संपला. मारणारा माझा बॅचमेट आहे, माणूस वाईट नाही. मी तेव्हा काय करायला हवं होतं आणि आता काय करू?

उत्तर : जय हिंद. ‘विषय संपला’ हे वाक्य ठाण्यात मी फार वेळा ऐकलंय, आणि त्यातले कितीतरी विषय दोन-तीन वर्षांनी समन्स घेऊन परत आलेले पाहिलेत.

आधी कायद्यात तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर दुखापतीला दहा. जुन्या दंड संहितेत हेच 330 आणि 331 होतं, म्हणजे ही तरतूद इंग्रजांच्या काळापासूनची आहे. कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी लोकसेवकाने खोटी नोंद करणं हे कलम 256, तीन वर्षांपर्यंत. तेव्हा ज्याने तुमच्याऐवजी ‘जिना’ लिहिला त्याने स्वतःच्या नावाचा कागद तयार करून ठेवलाय. आता डायरी संगणकावर असते, नोंद कुणाच्या लॉगिनवरून आणि किती वाजता पडली ते कळतं. तुम्ही मारलं नाही, लिहिलं नाही. पण दारात होतात. दारात का होतात, असं कुणी विचारलं की एक वकील म्हणेल योगायोगाने आणि दुसरा म्हणेल पहारा द्यायला. या दुसऱ्या वकिलाच्या हातात समान उद्देशाचं कलम असतं, म्हणजे हेतू एक असेल तर बरोबरचेही तितकेच दोषी.

आता, तेव्हा काय करता आलं असतं. इथे मला थोडं लांबण लावू द्या, कारण पुस्तकातलं उत्तर (‘वरिष्ठांना तात्काळ कळवावे’) रात्री अडीच वाजता उपयोगाचं नसतं. वरिष्ठ झोपलेले असतात किंवा त्याच खोलीत असतात.

माझ्या पहिल्या ठाण्यात एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले. तरुण फौजदाराचा हात सुटायला लागला की ते दारात येऊन कडक सॅल्यूट ठोकायचे. ‘साहेब, कंट्रोलवरून फोन आहे.’ साहेब बाहेर येईपर्यंत फोन कट झालेला असायचा. ‘परत करतील साहेब, तोवर चहा घ्या.’ चहा संपेपर्यंत साहेबांचा पारा उतरायचा. तेवढ्यात हवालदारांनी आतल्या माणसाला पाणी पाजून भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं, आणि डायरी उघडून त्याला ठाण्यात आणल्याची वेळ टाकलेली असायची. फोन कुणाचाच नसायचा, हे साहेबांनाही ठाऊक असणार. त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. त्या साहेबांपैकी एक जण पुढे सन्मानाने निवृत्त झाले. त्या चहाचे उपकार त्यांच्यावर किती आहेत हे त्यांना कळलं असेल की नाही, देव जाणे.

यातला चहा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला महत्त्वाची वाटते ती डायरीतली वेळ. माणूस कागदावर आला की त्याला हात लावणाऱ्याला विचार करावा लागतो. कागदावर नसलेल्या माणसाचं काहीही होऊ शकतं. तुम्ही त्या रात्री ठाणे अंमलदारांच्या मदतीला होतात, म्हणजे हे काम तुमच्या हाताशी होतं. पोराला आणल्या आणल्या नोंद, घरच्यांना फोन, कंट्रोलला माहिती. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 डिसेंबर 1996 च्या डी. के. बसू निकालापासून अटकेच्या बाबतीत हे सगळं बंधनकारक आहे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आलेलं आहे. त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नाही. ‘मी नोंद टाकली, साहेब’ एवढं सांगायचं असतं. शिवी मिळेल. मिळू दे.

बॅचमेटचा हात धरणं तर याहून सोपं होतं. वरिष्ठाला थांबवायला युक्ती लागते, बरोबरीच्याला खांद्यावर हात ठेवून ‘चल, बाहेर ये, बास झालं’ म्हणता येतं.

आणि आता. पहिलं, एका कागदावर त्या रात्रीचं जे डोळ्यांनी पाहिलं ते वेळेनुसार लिहा. ऐकीव गोष्टी त्यात नकोत. व्हॉट्सअॅपवर काही लिहू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही. दुसरं, स्वतःचा वकील गाठा, जो तुमच्या ठाण्याच्या ओळखीतला नसेल. शिवाजीनगर कोर्टात असे मिळतात. तिसरं, त्याच्या सल्ल्याने लेखी अहवाल द्या, पोच घ्या. वरिष्ठ निरीक्षकच त्यात असतील तर सहायक आयुक्त, नाहीतर उपायुक्त. त्या अहवालात एक ओळ न विसरता घाला: त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात ठाण्याच्या प्रत्येक भागात कॅमेरे लावायला आणि चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलं आहे, निदान एक वर्ष तरी. मागच्या खोलीत कॅमेरा नसेल, पण त्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात असू शकतो.

बॅचमेटला काय सांगायचं? एकच वाक्य. ‘मला कुणी विचारलं तर मी जे पाहिलं ते सांगणार.’ त्यापुढे चर्चा करू नका, चर्चेतून जबाब जुळवले जातात. माणूस वाईट नाही म्हणता, मान्य. माझ्या पाहण्यात पट्टा हातात घेणारे बहुतेक जण घरी मुलांचा अभ्यास घेणारेच होते.

याची किंमतही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल निवृत्त बाईला बोलायला काय जातंय. गोपनीय अहवालात शेरा येऊ शकतो. क्षुल्लक कारणावरून कसुरी अहवाल निघू शकतो. बदली होऊ शकते. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये संमत केला, पण तो अमलात आणलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. बदली मुदतीआधी झाली तर कारणं लेखी मागा आणि मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा. सगळ्या कागदांच्या प्रती घरी ठेवा. ठाण्याच्या कपाटात नको.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर हवालदार आहेत. कोठडीतल्या मारहाणीच्या चौकशीत त्यांनी खरा जबाब दिला. तेव्हापासून पोलीस लाइनीत आमच्याशी कुणी बोलत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही. मुलाला मित्र ‘घरभेद्याचा पोरगा’ म्हणतात. ते काहीच बोलत नाहीत, ड्यूटीवरून येतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी त्यांना जबाब मागे घ्यायला सांगू का? – शिवाजीनगर, पुणे

उत्तर : नका सांगू. शपथेवर दिलेला जबाब फिरवला तर खोट्या साक्षीचं लचांड त्यांच्याच गळ्यात पडेल आणि ज्यांना खूश करायला फिरवला ते त्या दिवशी कोर्टात फिरकणारसुद्धा नाहीत.

लाइनीतली वाळीत टाकण्याची रीत मला माहीत आहे. पाण्याच्या वेळेपासून सुरू होते. तिथे सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, नवरे एकाच ठाण्यात, मुलं एकाच शाळेत. त्यामुळे ती बाहेरच्यांपेक्षा जास्त लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका कोठडी मृत्यूच्या निकालात, हे स्पष्ट लिहून ठेवलंय की पोलीस बंधुभावापोटी गप्प राहतात आणि सहकाऱ्याला वाचवायला सत्याची मोडतोडही करतात. तुमच्या मिस्टरांनी ते केलं नाही. न केल्याने त्यांचं काय वाचलं, तेही बघा. 2017 मध्ये सांगलीत कोठडीतला एक तरुण गेला. पोलिसांनी आरोपी पळाल्याचं सांगितलं आणि नंतर तपासात पुढे आलं की त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता. एका उपनिरीक्षकाबरोबर बाकीचे पोलीसही आत गेले. गाडीत बसलेला, दार उघडून देणारा, तोंड बंद ठेवणारा, अशा प्रत्येकाच्या घरी तुमच्यासारखी एक बाई आहे. त्यांच्याशीही कुणी बोलत नसेल.

आणखी एक हकीकत सांगते, परदेशातली आहे पण तुमच्या घरात बसेल. अमेरिकेत बफेलो शहरात केरिओल हॉर्न नावाच्या पोलीस बाई होत्या. 2006 मध्ये एका सहकाऱ्याने बेड्या घातलेल्या माणसाचा गळा आवळलेला त्यांनी पाहिला आणि सहकाऱ्याला ओढून बाजूला केलं. खात्याने त्यांनाच दोषी धरलं आणि 2008 मध्ये काढून टाकलं, पूर्ण पेन्शन लागायला थोडाच काळ उरला असताना. 2020 मध्ये त्याच शहराने सहकाऱ्याला थांबवणं पोलिसांवर बंधनकारक करणारा नियम केला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा. 2021 मध्ये कोर्टाने त्यांची बडतर्फी रद्द ठरवून पेन्शन द्यायला लावली. मधली तेरा वर्षं त्यांना कुणी परत दिली नाहीत, हेही तितकंच खरं. खोटा दिलासा मी देत नाही.

तुमच्या हातात आहे ते हे. मुलाच्या वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा, त्याला बोलणारी मुलं कोण आहेत ते सांगा. शाळेत लाइनीचे नियम चालत नाहीत. मिस्टर भिंतीकडे तोंड करून झोपतात याला आळस किंवा राग समजू नका, ससूनच्या मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. पोलीस माणूस तिथे जायला लाजतो, म्हणून ‘माझ्यासाठी चला’ म्हणा. आणि हळदीकुंकू पुढच्या वर्षी तुम्ही तुमच्या घरी ठेवा. दोन बाया आल्या तरी पुष्कळ. पहिली बाई आली की दुसरी येते.

प्रश्न : बाई, तुमच्या सदरात गुन्हेगारांचाच कळवळा फार दिसतो. दोन फटक्यांशिवाय चोर बोलतो का? आमच्या वेळी पोलिसांचा दरारा होता. मानवी हक्क फक्त चोरांनाच का? – एक ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, चोर बोलतो. दोन फटक्यांत तुम्हीही बोलाल. तुम्ही 1993 चे बॉम्बस्फोट केले असंही बोलाल. तीच तर अडचण आहे.

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पूर्वी साक्ष अधिनियमाचं कलम 25 होतं, आता साक्ष अधिनियम 2023 चं कलम 23. चालतं ते एवढंच: आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग. म्हणून पट्टा निघतो तो ‘माल’ काढण्यासाठी. हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि बाहेर कुणी सांगत नाही. मागे उभे असतात गुन्हे उघडकीचे आकडे, कोठडीच्या मुदतीचं घड्याळ आणि वरून येणारा ‘काय झालं त्या केसचं’ हा फोन. मारून सापडलेला मोबाइल कधी कधी पोरगा स्वतःच्या खिशातून पैसे घालून विकत आणून देतो, असंही मी पाहिलंय. तुमचा चोरीला गेलेला मोबाइल मात्र ज्याने नेला त्याच्याकडेच राहतो.

बळाचा वापर पोलिसांनी करूच नये असं मी कुठे म्हटलं? अटकेला विरोध करणाऱ्याला धरायला लागेल तेवढं बळ वापरता येतं, आणि पळता येऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडता येत नाही. दोन्ही गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत. विसर्जनाच्या रात्री बेलबाग चौकात रेटारेटी झाली की मी स्वतः काठी चालवलीय, कमरेखाली आणि रस्ता मोकळा होईपर्यंत. ते हजारो लोकांसमोर होतं, त्याचा जाब मला तिथेच मिळाला असता. उघड्यावरच्या बळाची चौकशी निदान मागता येते. 9 ऑगस्ट 2011 ला पवना जलवाहिनीच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने ती दृश्यं पाहिली आणि चौकशी आयोग नेमावा लागला. मागच्या खोलीतलं कुणी पाहत नाही, तिथे फक्त दुसरा पोलीस असतो. म्हणून या सदरात मी त्याच्याबद्दल लिहिते.

दराऱ्याबद्दल: तुमच्या वेळी चोरीची फिर्याद द्यायला बायका ठाण्यात एकट्या येत होत्या का, काकूंना विचारून बघा.

प्रश्न : मी कोथरूडला राहते, विधी शाखेत शिकते. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या प्रकरणात नुसते उभे राहिलेल्या पोलिसांनाही शिक्षा झाली असं वाचलं. आपल्याकडे असं काही आहे का? ‘साहेबांचा हुकूम होता’ हा बचाव चालतो का?

उत्तर : तिथलं आधी नीट सांगते. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये डेरेक शॉविनने फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला. तिघे सहकारी तिथेच होते. फेब्रुवारी 2022 मध्ये संघीय न्यायालयातल्या ज्युरीने तिघांनाही वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल दोषी धरलं, आणि त्यातल्या दोघांना शॉविनला न थांबवल्याबद्दलही. त्यातले दोन पोलीस अगदी नवखे होते आणि शॉविन अनुभवी. आमच्या ठाण्यात ओळखीचं वाटावं असं चित्र.

आपल्याकडे हे कर्तव्य वेगवेगळ्या कलमांतून जोडून काढावं लागतं: समान उद्देश, खोटी नोंद, पुरावा नष्ट करणं. हुकमाच्या बचावावर मात्र न्यायालय स्पष्ट आहे. 11 नोव्हेंबर 2006 ला मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याची चकमक झाली. ती बनावट असल्याचं त्याच्या वकील भावाने चिकाटीने लावून धरलं. त्यातल्या पोलिसांचा जामीन प्रश्नात आला तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन सांगितलं की वरिष्ठांचा हुकूम हा अशा खुनाला बचाव होत नाही. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 21 जणांना दोषी धरलं, त्यात 13 पोलीस होते. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने, खालच्या कोर्टात निर्दोष सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. तुम्ही हे निकाल मुळातून वाचा.

शिक्षेपेक्षा मला प्रशिक्षणात जास्त रस आहे. न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस खात्याने 2016 पासून सहकाऱ्याला वेळीच कसं अडवायचं हे शिकवायला सुरुवात केली. शब्द कोणते वापरायचे, कधी बाजूला घ्यायचं, वरिष्ठ असेल तर काय. वाचताना मला आमचे ‘कंट्रोलवरून फोन’वाले हवालदारच दिसत होते. नाशिकच्या अकादमीत आम्हाला काठी कशी धरायची ते शिकवलं. दुसऱ्याच्या हातातली काठी कशी धरायची याचा तास नव्हता. तुम्ही पुढे वकील व्हाल तेव्हा त्या तासाची मागणी करा, याचिकेतून केली तरी हरकत नाही.

प्रश्न : ताई, पोराला काल रात्री साध्या कपड्यातल्या पोलिसांनी उचललं. कुठल्या ठाण्यात नेलं ते सांगत नाहीत. आम्ही शिकलेले नाही. काय करावं? – दांडेकर पूल

उत्तर : तुमचं पत्र ज्यांनी लिहून दिलं त्यांच्या नंबरवर मासिकाने त्याच दिवशी फोन केला आणि पोरगा घरी आल्याचं कळलं. पण हे इतरांच्याही कामाचं आहे.

आधी 112 ला फोन करा आणि ‘माझ्या मुलाला पोलीस म्हणवणाऱ्या माणसांनी नेलंय’ असं सांगा. त्या फोनची वेळ नोंदली जाते. पोलीस नियंत्रण कक्षात जाऊन अटक झालेल्यांच्या यादीत नाव आहे का ते विचारा. ही यादी ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अटक असेल तर घरच्यांना कळवावंच लागतं, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही लागते आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे फुकट वकील मिळतो. एकट्या जाऊ नका, वस्तीतल्या दोघी-तिघींना सोबत घ्या. ठाण्यात आरडाओरडा करू नका. समोरच्या पोलिसाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर सोबतच्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा, मोठ्याने.

मेडिकलला नेतात तेव्हा डॉक्टर ‘मारलं का’ विचारतात आणि दाराशी पोलीस उभा असतो. पोरगं घाबरून नाही म्हणतं. तिथे नाही सांगता आलं तर कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतात तेव्हा सांगायचं, शर्ट वर करून दाखवायचं. नंतर तक्रार करायची झाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे. आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. दोन प्रती करा, एकीवर शिक्का मारून घ्या आणि ती घरी डब्यात ठेवा, रेशन कार्डाबरोबर.